कालचं पाणी

आमच्या सोसायटीत लिफ्टच्या शेजारी काचेची एक चौकट आहे. नोटिसा तिथे लागतात. मी नोटीस वाचायला चष्मा लावते आणि भांडायला काढते, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. इतकी वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहायचं आणि भांडायचं नाही, म्हणजे मग राहिलो तरी कशाला?

आणि नोटिसा तरी कसल्या! ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. गाडी पाइपने धुवायची नाही, बादली आणि फडकं घ्यायचं. गॅलरीतून चादरी झटकायच्या नाहीत. नारळाच्या करवंट्या ओल्यात की सुक्यात, यावर आमच्याकडे एक अख्खी मीटिंग झालेली आहे, आणि त्या मीटिंगमध्ये माझा आवाज सगळ्यात मोठा होता. आम्ही कोकणातली माणसं. आमच्या घरातून निघणाऱ्या करवंट्या म्हणजे काही थोडक्यात आटपणारं प्रकरण नव्हे.

पण हे नियम मी मनातून मानत होते, हेही सांगते. सेक्रेटरी काका चांगला माणूस. सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, तळमजल्यावर राहतात, मराठी असं बोलतात की वाटावं माणूस बोलत नाहीये, परिपत्रक वाचतोय. कंपाउंडच्या मागे खताचा खड्डा त्यांनीच सुरू केला. पहिले काही महिने वास आला, लोकांनी नावं ठेवली, मीही ठेवली. मग तिथलं काळंभोर खत हातात घेऊन बघितलं आणि गप्प बसले. माझ्या गॅलरीतली मोगऱ्याची कुंडी त्याच खतावर फुलते.

मग गेल्या उन्हाळ्यात नोटीस लागली, ‘आजपासून टँकर बंद’.

काकांचं म्हणणं साधं होतं. टँकरचं पाणी आभाळातून पडत नाही, कुणाच्या तरी जमिनीखालून उपसून आणलेलं असतं. आपल्याला महापालिकेचं पाणी येतं, त्यात भागवायला शिकलं पाहिजे. सकाळी तासभर नळ सोडायचे, संध्याकाळी थोडा वेळ. बाकी दिवसभर टाकीचा व्हॉल्व्ह बंद. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बरोबरच होतं ना ते. चूक काही नव्हतं त्यात.

फक्त आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. म्हणजे शेवटच्या.

सातवा मजला सासूबाईंनी निवडला होता. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली, परळच्या चाळीतली खोली विकली आणि नाहूरला हे घर घेतलं. तेव्हा लोक विचारायचे, नाहूर म्हणजे नक्की कुठे? भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये, असं समजावून सांगावं लागायचं. बांधकाम चालू असताना सासूबाई रविवारी इथे येऊन उभ्या राहायच्या. पत्रा, खडी, सिमेंटच्या गोण्या यांतून वाट काढत भिंतीला हात लावून बघायच्या, ओली आहे का सुकली. बिल्डरच्या माणसाने विचारलं, आजी कुठला मजला हवा? तेव्हा काही त्या आजी नव्हत्या, त्यामुळे आधी त्याला झापलं. मग म्हणाल्या, सगळ्यात वरचा. चाळीत जन्मभर डोक्यावर दुसऱ्यांचे पाय वाजलेले ऐकले, आता नको.

तर असं ते घर. नाव कागदावर माझ्या नवऱ्याचं असलं तरी घर त्यांचं. माझं आणि त्यांचं कधी पटलं नाही, हेही सांगून टाकते. मी खोबरं जास्त वाटलं तरी बोलणी, कमी वाटलं तरी बोलणी. मी उलट बोलायची, त्या त्याच्या दुप्पट बोलायच्या. पण मी नोकरीला बाहेर पडायचे तेव्हा माझी मुलगी त्यांच्या मांडीवर वाढली. एक दिवस सुद्धा ‘आज मला बरं नाही, तू घरी राहा’ म्हणाल्या नाहीत. आता मुलगी लग्न होऊन दहिसरला असते आणि तिच्या फोडणीला वास येतो तो माझ्या नव्हे, आजीच्या फोडणीचा. एवढं सगळं केलं, पण सूनबाईला उभ्या जन्मात एक गोड शब्द नाही. मीही अपेक्षा सोडून दिली होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, देवाची लीला बघा! अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणं म्हणजे काय ते सांभाळणाऱ्यालाच माहीत. रोज अंग पुसायचं, दुपटी बदलायची, चादर धुवायची, कधी दिवसातून दोन-तीनदा. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की औषध-बिषध ठीक आहे, पण खरं औषध स्वच्छता. पाठीला जखम झाली की ती आवरत नाही. जपा.

मी जपत होते. दुपारी मुलुंडला एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसते, तेवढा वेळ सहाव्या मजल्यावरची माझी मैत्रीण येऊन सासूबाईंजवळ थांबायची. बाकी सगळं मी आणि आमचे हे. पाणी होतं तोवर जमत होतं.

टँकर बंद झाला आणि आठवड्याभरात सातव्या मजल्याची वाट लागली. सकाळी नळ सोडला की खालचे सगळे एकदम तोट्या उघडायचे आणि आमच्या नळातून नुसती हवा. फुस्स. खोकल्यासारखा आवाज करायचा नळ. मग करंगळीएवढी धार, एक बादली भरता भरता तीही बंद. लोक परीक्षेच्या निकालासाठी देव पाण्यात ठेवून बसतात, इथे देव बुडवायलाही पाणी नव्हतं!

मग बादल्या. कंपाउंडमधल्या नळावरून भरायच्या, लिफ्टने वर आणायच्या. लिफ्टमध्ये सांडलं की दुसऱ्या दिवशी नोटीस, ‘लिफ्टमधून पाण्याची वाहतूक करू नये’. आमच्या ह्यांची कंबर गेली. मी चादरी दहिसरला मुलीकडे पाठवायला लागले, मोठ्या पिशवीत भरून, मळक्या. लेकीच्या सासरी आपल्या सासूच्या चादरी धुवायला पाठवणारी मी पहिलीच बाई असेन. जावई काही बोलला नाही, पण मला लाज वाटायची ती वाटायचीच.

आणि मग एक दिवस अंग पुसताना सासूबाईंच्या पाठीवर, माकडहाडाच्या वर, लाल चट्टा दिसला.

 ह्यांना आत बोलावून दाखवला. त्यांनी बघितला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत आले तेव्हा त्यांनी गावी फोन लावला होता. माझे दीर गावी असतात. तिथे विहीर आहे, घरामागेच, उन्हाळ्यातही आटत नाही.

“रविवारी गाडी करून आईला नेऊन सोडतो,” हे म्हणाले. “पावसाळा लागला की परत आणू.”

मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं की परत आणणं होणार नाही. दीर-जाऊ दोघंही थकलेले. डॉक्टर तालुक्याला. घाटातून तो प्रवासच त्यांना झेपेल की नाही कोण जाणे. आणि मुख्य म्हणजे सासूबाई लग्नानंतर मुंबईला आल्या त्या गावी पाहुण्यासारख्याच गेल्या. गणपतीला जायच्या, आणि विसर्जन झालं की दुसऱ्याच दिवशी म्हणायच्या, चला आता घरी. घरी म्हणजे इथे.

“त्यांना विचारलंत?” मी म्हटलं.

“काय विचारू? पाठ कुजू दे म्हणून विचारू?”

मग मी रडले, आणि रडले की मला राग येतो, त्यामुळे भांडले. तेही भांडले. दोघंही दबक्या आवाजात, कारण आमचं घर दोन खोल्यांचं आणि मधला दरवाजा कधी नीट लागलेला नाही. शेवटी मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबा. पाणी आलं तर गाडी रद्द. ते म्हणाले, येणार कुठून पाणी? मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. असं म्हणायला काय जातं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझ्याकडे कसलाही उपाय नव्हता. एकच गोष्ट मला येते, खाली जाऊन भांडणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ सुटायच्या जरा आधी मी निघाले. लिफ्ट कुठेतरी अडकली होती. थांबायचा धीर नव्हता, जिन्यानेच उतरायला लागले. काकांना काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होते. तुमचा नियम असेल मोठा, पण माझी सासू त्याच्याहून मोठी आहे. असलं बरंच काही.

सहाव्या मजल्यावर पोचले आणि आवाज आला. बंद दाराच्या आतून, मोरीत पाणी ओतल्याचा. धबाधबा. मग हंडा घासल्याचा, पालथा घातल्याचा. मी पुढे निघाले. पाचव्या मजल्यावर तोच आवाज. इकडच्या दारातून आणि तिकडच्याही. एक बादली, दुसरी बादली, मग पिंप आडवं केल्यावर येतो तो मोठा आवाज. चौथ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. जिन्यातल्या सांडपाण्याच्या पाइपातून पाणी खळाळत खाली जात होतं, माझ्याबरोबर, माझ्याही पुढे.

मी तिसऱ्या मजल्यावर उभी राहिले. भिंतीला हात लावला. पाइप थरथरत होता.

काय चाललं होतं ते मला एका क्षणात कळलं, कारण मी स्वतः घरातून निघायच्या आधी तेच करून आले होते. ताजं पाणी यायची वेळ झाली की कालचं ओतायचं. हंडा, कळशी, पिंप, सगळं रिकामं करायचं, घासायचं, ताजं भरायचं. माझ्या आईने तेच केलं, तिच्या आईने तेच केलं. कालचं पाणी म्हणजे शिळं पाणी. शिळं पाणी देवाला चालत नाही, प्यायला चालत नाही, पाहुण्याला चालत नाही. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तशी आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी ही मोरी. पाणी दिवसभर यायचं तेव्हा एक कळशी ओतायचो. आता तासभरच येतं म्हटल्यावर भीतीने लोकांनी मोठी मोठी पिंपं आणली होती. काठोकाठ भरायची, निम्मंही वापरून व्हायचं नाही, आणि सकाळी सगळंच्या सगळं मोरीत. पाणी वाचवायचा नियम केला आणि आम्ही आधीपेक्षा जास्त पाणी गटारात घालायला लागलो! आणि पाणी नाही म्हणून रडणारी मी, मीही आज सकाळी माझी अर्धी बादली ओतली होती. करंगळीएवढ्या धारेने भरलेली ती बादली. कालची होती म्हणून.

तळमजल्यावर पोचले तर काकांच्या दारात काकू हंडा घेऊन उभ्या. कालचं पाणी अंगणात शिंपडत होत्या, छान, गोल गोल. काका बनियनवर, हातात नवी नोटीस आणि सेलोटेप.

मला हसू फुटलं. भांडायला आलेली बाई पोट धरून हसतेय म्हटल्यावर काका सेलोटेप बाजूला ठेवून पुढे आले.

“वहिनी, यात हसण्यासारखं काय झालं?”

“काका, नोटीस राहू द्या. जरा जिन्यात या आणि पाइपला कान लावा.”

त्यांनी खरंच लावला. बनियनवरच. वरून पाणी सुसाट येत होतं. मग त्यांनी वळून काकूंकडे बघितलं. काकूंच्या हातात रिकामा हंडा. “अहो, शिळं होतं,” काकू म्हणाल्या. काकांनी हातातल्या नोटिशीची घडी घातली. नंतर म्हणाले, “संध्याकाळी मीटिंग बोलावतो.”

मीटिंग पार्किंगमध्ये होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडतात, ज्येष्ठ नागरिक पंख्याखाली, बाकीचे गाड्यांना टेकून. काकांनी मलाच बोलायला सांगितलं. मी जिन्यातले आवाज सांगितले तसं आधी सगळे हसले, कारण प्रत्येकाला वाटलं ही शेजाऱ्याबद्दल बोलतेय. मग हळूहळू हसू बंद झालं.

आणि मग जी जुंपली! करवंट्यांची मीटिंग त्यापुढे काहीच नाही. एक आजोबा उठले आणि म्हणाले, खरकटं ते खरकटं आणि शिळं ते शिळं, उद्या म्हणाल कालच्या पाण्याने देवाला आंघोळ घाला. कुणी म्हणालं, डास होतात. कुणी म्हणालं, झाकण ठेवा मग. एक तरुण मुलगी म्हणाली, आमच्याकडे आईच ओततात, मी कितीदा सांगितलं. आणि तिची सासू शेजारीच बसली होती, त्यामुळे तिथे एक वेगळीच मीटिंग सुरू झाली.

मला राहवेना. मी म्हटलं, “अहो, धरणातलं पाणी कधीचं असतं? गेल्या पावसाळ्यातलं! आपण सगळे वर्षभर शिळंच पितो की. एक रात्र आपल्या पिंपात राहिलं म्हणून एवढं काय बिघडलं त्याचं?”

थोडे हसले, पण आजोबा हलेनात. तेव्हा मी ते बोलले जे बोलायचं नाही असं ठरवून आले होते.

“माझ्या सासूबाईंना येत्या रविवारी गावाला नेणार आहेत. वर पाणी चढत नाही म्हणून. त्यांच्या पाठीला जखम व्हायला लागलीय. त्या परत येणार नाहीत. घर त्यांनी घेतलंय ते, आणि मला त्यांना पाठवायचं नाहीये. बस्स. एवढंच.”

आवाज फुटला माझा. इतक्या लोकांसमोर. मी बसले आणि पदर तोंडाला लावला. 

तेवढ्यात माझी सहाव्या मजल्यावरची मैत्रीण उठली. आता ही बाई म्हणजे सोवळ्याची परमावधी. नळाला आधी चिंच लावून घासते, मग पाणी भरते. तिच्या घरी मी चहा प्यायले की कप ती दोनदा धुते, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि तोंडावर बोललेही आहे. ती उठली, आणि मला वाटलं, झालं, आता ही आजोबांच्या बाजूने बोलणार.

“मी उद्यापासून ओतणार नाही,” ती म्हणाली. “देवाचा तांब्या तेवढा ताजा. बाकी सगळं कालचंच वापरीन. भांड्याला, कपड्याला, आंघोळीला. ज्याला माझ्याकडे यायचं नसेल त्याने येऊ नये.”

आणि बसली. रडत होती ती. मला कळेना, माझ्या सासूसाठी ही का रडतेय.

ती बोलल्यावर मग बाकीच्या बायकांना पर्याय राहिला नाही. तिच्याहून जास्त सोवळं कोण मिरवणार? आजोबा पुटपुटले, देवाचा तांब्या ताजा असेल तर ठीक आहे. काकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की सकाळी नळ सुटला की आधी वरच्या दोन मजल्यांनी भरायचं, खालच्यांनी तोवर तोट्या बंद ठेवायच्या, मग खालच्यांचा नंबर. आणि दुसरं, कालचं पाणी आज वापरायचं.

“पण हे तपासायचं कसं?” कुणीतरी विचारलं. “कुणाच्या मोरीत कोण डोकावणार?”

काका नियमांचा माणूस. दंडाशिवाय नियम त्यांना माहीतच नाही. पण ते म्हणाले, “कुणीही डोकावायचं नाही. वरच्या नळाला पाणी आलं की समजायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळासमोर उभी. हे दारात उभे, हाताची घडी घालून. नळ खोकला. हवा आली. मग धार आली, करंगळीएवढीच, पण थांबली नाही. एक बादली भरली, दुसरी भरली. त्यानंतरच्या दिवशी धार अंगठ्याएवढी झाली. मी दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय ते ऐकायला जिन्यात गेले नाही. जावंसं फार वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गेले नाही.

आजही त्या दिवसांचा विचार केला की माझा ऊर भरून येतो. लोकांनी चार पैसे दिले असते तर मी आभार मानून मोकळी झाले असते. हे वेगळं होतं. बंद दाराआड, कुणी बघत नसताना, माणसं आयुष्यभराची सवय हातातल्या हातात थांबवत होती. हंडा उचलायचा, मोरीकडे वळायचं, आणि परत ठेवायचा. त्या आजोबांनी सुद्धा ठेवला असणार. नाहीतर पाणी सातव्या मजल्यापर्यंत चढलंच नसतं. ह्या लोकांशी मी पार्किंगवरून, चादरींवरून, दिवाळीतल्या फटाक्यांवरून भांडलेय, आणि पुढेही भांडणार आहे. पण माझं माणूस माझ्या घरात राहिलं ते त्यांच्यामुळे. हे मी कुणाला तोंडावर सांगितलेलं नाही. सांगायला गेले तर रडेन, आणि रडले की भांडेन.

शनिवारी सकाळी नळ असा सुटला की बादलीतलं पाणी उसळून माझ्या अंगावर आलं. मी ओरडले. हे धावत आले, बघितलं, आणि गॅलरीत जाऊन गाडीवाल्याला फोन केला. “नको उद्या,” एवढंच ऐकू आलं मला.

त्या दिवशी आम्ही दोघांनी सासूबाईंना खुर्चीत बसवून मोरीत नेलं आणि कित्येक दिवसांनी डोक्यावरून आंघोळ घातली. गरम पाणी, उटणं, केसांना शिकेकाई. डोळे मिटून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, “गरम पाणी कमी घाल गो, भाजता.” म्हणजे तब्येत बरी होती. पाठीवरचा चट्टा फिका झाला होता. मी बोटाने दाबून बघितला, दोनदा बघितला.

पलंगावर आणून झोपवलं. हे दुकानात गेले. मी केस पुसत होते तेव्हा त्या म्हणाल्या,

“पलंगाखालची पिशवी काढ गो.”

मी वाकून बघितलं. भिंतीच्या कडेला, आत ढकललेली, कापडी पिशवी होती. मी ती कधी तिथे ठेवली नव्हती. बाहेर ओढली. वर नीट घडी घातलेली त्यांची दोन पातळं. चष्म्याचं घर. सासऱ्यांचा फोटो, टॉवेलात गुंडाळलेला. औषधांची पाकिटं.

“हे कोणी भरलं?”

“सहाव्या माळ्यावरची ती. तुका सांगूक नको म्हणान शपथ घातलंय तिका.  रडत होती बिचारी.” मग थांबून म्हणाल्या, “दोन खोल्यांचा घर आमचा. माका सगळा ऐकाक येता. जा म्हणान सांगूचा तुझ्या तोंडार येऊ नये, म्हणान आधीच भरून ठेवलंय.”

मी जमिनीवरच बसले. इतके दिवस त्या आमच्याशी खाण्यावरून, चहावरून, पंख्यावरून नेहमीसारख्या भांडत होत्या, आणि पलंगाखाली पिशवी तयार होती.

“आता ठेव ता सगळा परत कपाटात,” त्या म्हणाल्या. “माका खंय जावचा नाय.”

मी एकेक वस्तू काढायला लागले. पातळं, चष्मा, फोटो. तळाशी आणखी एक साडी होती, सुती, विटलेली, काठ फाटलेले. ती त्यांची नव्हती. माझी होती. घरात नेसून नेसून जीर्ण झालेली, पायपुसण्याला फाडायला म्हणून मी बाजूला काढून ठेवली होती.

“आई, ही कशाला घेतलीत? ही तर माझी जुनी.”

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “तिका तुझो वास येता.”

बाकीचं सगळं मी कपाटात लावलं. ती साडी घडी घालून त्यांच्या उशाखाली ठेवली.